कोन फिल्टर लावू का?

प्रश्न : दादा, माझी १.२ पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज घोडबंदर रोडने ठाणे स्टेशनपर्यंत. मित्र म्हणतो कोल्ड एअर इनटेक (बाहेरची थंड हवा इंजिनला देणारा पाइप) नि कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) टाक, पिकअप वाढतो. खरंच वाढतो का?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : आवाज नक्की वाढतो, आणि बऱ्याच जणांना तोच पिकअप वाटतो! टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या छोट्या इंजिनात कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, लागेल तेवढी हवा आधीच देत असतो, त्यामुळे फायदा झालाच तर एखाददोन हॉर्सपॉवरचा, तोही वरच्या आरपीएमला, आणि मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये तिथपर्यंत पोचणार कधी? उलट उघडा कोन बॉनेटखाली बसवला की तो इंजिनचीच गरम हवा ओढतो, ३० अंशांची हवा ६० वर गेली तर घनता साधारण ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऑक्सिजन कमी नि ताकदही कमी. थंड हवेसाठी पाइप खाली बंपरमागे नेणारे किट असतात, पण पावसात रस्त्यावर पाणी साचलं आणि ते पाइपातून आत गेलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, मग इंजिनच उघडावं लागतं. तेल लावलेल्या फिल्टरचं तेल जास्त झालं तर एअरफ्लो सेन्सरवर बसतं, तेही आहेच. टर्बो गाडीत ईसीयू रीमॅपसोबत (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) इनटेकला अर्थ आहे, पण वॉरंटीवाले हात वर करू शकतात हे धरून चाला. तुमच्या गाडीला साधा पेपर फिल्टर वेळेवर बदला, आपल्याकडे धूळ आहे तर थोडा लवकरच, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या.