नळीच्या आधी वारा

अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या, चर्चमधले नळ्यांचे ऑर्गन बांधणाऱ्या घरगुती कारखान्यात तुला उमेदवारी मिळाली, फार आनंद झाला. साडेतीन वर्षं आहेत. मधूनमधून लुडविग्सबुर्गच्या शाळेत वर्ग, बाकी सगळं कारखान्यात. नळ्यांना आवाज द्यायला कधी शिकवतील, असं तू पत्रात तीनदा विचारलंस. घाई करू नकोस. पहिलं वर्ष वाऱ्यापाशी काढ.

आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन पायपेटीच्या जातीचा, त्यात पितळी सूर थरथरतात. तिकडच्या ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत तसं काही नसतं. बासरीसारखंच, तोंडाच्या फटीतून निघालेली हवेची पातळ चादर वरच्या ओठापाशी आतबाहेर झुलते आणि नळीतली हवा बोलते. वारा हलला की स्वर हललाच. दाब साधारण ६० ते ९० मिलिमीटर पाण्याचा. तो बघायला पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरतात, दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे दाब. सगळे स्टॉप, म्हणजे नळ्यांच्या एकेका रांगेचे खटके, उघडून दोन्ही हातांनी भरगच्च स्वर दाबलेस आणि पाणी डुचमळलं, तर भात्याकडे किंवा अरुंद वाहिन्यांकडे बघ. नळीला हात लावू नकोस.

नळ्या ज्या पेटीवर उभ्या असतात ती विंडचेस्ट नीट समजून घे. जुन्या पद्धतीत प्रत्येक पट्टीसाठी आत एक लांब कप्पा आणि त्याच्या तळाशी चामडं लावलेली झडप. वरून आडव्या जातात त्या सरकपट्ट्या, दर स्टॉपला एक. झडप उघडली आणि सरकपट्टीची भोकं जुळली तरच त्या नळीला वारा मिळतो. सरकपट्टी फार घट्ट बसवलीस तर दमट हवेत फुगून अडकेल. सैल ठेवलीस तर वारा सरकपट्टीखालून पसरून शेजारच्या नळ्या कुजबुजू लागतील. दोन कप्प्यांमधल्या लाकडाला चीर गेली तरी हेच होतं, आणि हिवाळ्यात चर्च तापवलं की कोरड्या हवेत अशा चिरा जातातच. म्हणून जोडणी झाल्यावर कप्प्यांत पातळ गरम सरस ओतून, सगळीकडे फिरवून, उरलेला काढून टाकण्याची जुनी रीत आहे. मग परीक्षा घ्यायची: सगळे स्टॉप बंद ठेवून एकेक पट्टी दाब आणि कान लाव. सूं आवाज आला तर पेटी पुन्हा उघडायची. पट्टी सोडूनही स्वर वाजतच राहिला, तर आधी झडपेखाली लाकडाचा भुसा अडकलाय का ते बघ, मग स्प्रिंग.

सरस ६० अंशांच्या आसपास ठेव. उकळला की त्याची पकड जाते. लाकूड आधी कोमट कर, नाहीतर शिकंजा आवळायच्या आत सरस गोठेल. याच्याऐवजी आधुनिक गोंद वापरायचा मोह होईल, पण सरसाचा सांधा ऊब आणि ओलावा देऊन शंभर वर्षांनीही उघडता येतो. तुझ्या नातवाच्या वयाचा कारागीर तो उघडणार आहे.

लाकडाचा आणखी एक दोष दिसत नाही. ओक लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते, ती वाऱ्याबरोबर नळीच्या पायात शिरते आणि नळीच्या धातूतल्या शिशाचं पांढरं चूर्ण करते. ल्युबेकच्या सेंट याकोबी चर्चमधल्या श्टेलवागेन ऑर्गनच्या जुन्या नळ्यांचं असंच नुकसान झालं.

आता नळी. आठ फुटी सप्तकाच्या सर्वांत खालच्या सा-ला, म्हणजे तिकडच्या सी-ला, प्रमाण व्यास १५५.५ मिलिमीटर. दर सप्तकाला लांबी निम्मी होते, व्यास मात्र सतराव्या नळीला निम्मा होतो. सप्तकालाच निम्मा केलास तर वरचे स्वर किरकिरे, बारीक येतील. तोंडाची रुंदी परिघाच्या पावपट धरली तर या नळीला १२२ मिलिमीटर, आणि तोंडाची उंची त्याच्या पावपट म्हणजे तीसच्या आसपास. पण सुरुवातीला उंची कमीच ठेव. केसभर काप, पेटीवर ठेवून ऐक, पुन्हा केसभर. जास्त कापलंस तर आवाज बोथट होतो, आणि कापलेला धातू परत आणायचा म्हणजे तुकडा डाख देऊन बसवायचा. वारा स्थिर नसताना कापणारा माणूस पेटीचा दोष नळीच्या ओठात कोरून ठेवतो. वर्षभर थांब म्हणतो ते यासाठी.

सुरात लावताना नळी मुठीत धरू नकोस, हाताच्या उबेनेच स्वर चढतो. हवा एक अंशाने तापली की साध्या नळ्या सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतात, जिभेच्या नळ्या, म्हणजे ज्यांत पायपेटीसारखी पितळी जीभ थरथरते त्या, फारशा चढत नाहीत, आणि दोघींत फाटतं. प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये जेवढं तापमान असतं तेवढ्यावरच लाव आणि तो आकडा वहीत लिही.

नळ्यांचा धातू कथील आणि शिशाचा. ओतकामानंतर नखांपर्यंत हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नकोस.

पहिली पेटी तपासलीस की कुठे सूं आवाज आला ते सविस्तर कळव.