सफरचंद निगेटिव्ह, तरी तोंडाला खाज

प्रश्न : दरवर्षी वसंतात मला शिंकांनी हैराण व्हायला होतं. त्याचं एक वेळ समजू शकते, पण चारेक वर्षांपासून सफरचंद खाल्लं की दोन-तीन मिनिटांत ओठ चुरचुरतात, टाळूला खाज सुटते आणि अर्ध्या तासात आपोआप थांबते. सफरचंदाचा जॅम मात्र कितीही खाल्ला तरी काही होत नाही! अ‍ॅलर्जीच्या तपासणीत बर्च झाडाचे पराग पॉझिटिव्ह आले, सफरचंद निगेटिव्ह आणि शेंगदाणा पॉझिटिव्ह. शेंगदाणे तर मी रोज मूठभर खाते, आजवर कधी काही झालेलं नाही. घरचे म्हणतात, हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरं काय समजू?

उत्तर : ताई, रिपोर्ट जरा बाजूला ठेवू. निदान तुमच्या पत्रातच आहे. जॅमचा उल्लेख केलात तिथेच माझं अर्धं काम झालं.

बर्चच्या परागांत ‘बेट व्ही १’ नावाचं एक प्रथिन असतं. नावाला दचकू नका; झाडाच्या शास्त्रीय नावातली सुरुवातीची अक्षरं घ्यायची आणि पुढे आकडा लावायचा, एवढीच त्यामागची रीत. १९८९मध्ये त्याचं जनुक हाती लागलं. सफरचंदात त्याचा चुलतभाऊ सापडला, त्याचं नाव ‘माल डी १’. तुमच्या शरीराने परागांविरुद्ध आयजीई जातीची प्रतिद्रव्यं तयार करून ठेवली आहेत, आणि ती माणूस बघत नाहीत, तोंडावळा बघतात. सफरचंदाचा घास घेतला की त्यांना वाटतं, आला पुन्हा तोच!

हा चुलतभाऊ मात्र फार नाजूक. शिजवला की त्याची घडी मोडते, जठररसातही तो टिकत नाही. म्हणून तुम्हाला जॅम चालतो, आणि कच्च्या फळाचा त्रासही तोंडापुरताच राहतो. याच नाजूकपणामुळे तुमची चाचणी फसली असावी. बाटलीत भरलेल्या अर्कात हे प्रथिन बऱ्याचदा तग धरत नाही. मी रुग्णांना सांगते, जे फळ बाधतं तेच पिशवीत घालून घेऊन या. टोचणी आधी फळात, सालीला लागून, खुपसायची आणि तीच लगेच हाताच्या आतल्या बाजूला टोचायची. शेजारी तुलनेसाठी एक टोचा हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज आणि फुगवटा आणणाऱ्या रसायनाचा, आणि एक मिठाच्या पाण्याचा. पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही, खाजवायचं तर मुळीच नाही. मग पेनाने फुगवट्याची कड आखायची आणि पट्टीने मोजायची. मिठाच्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटर मोठा भरला तर पॉझिटिव्ह. एका बाईंच्या हातावर बाटलीतल्या अर्काची नुसती लाल टिकली उठली होती, आणि तिथून दोन बोटांच्या अंतरावर त्यांच्याच सफरचंदाची चांगली टपोरी गांधी.

आता शेंगदाणा. त्यातही बर्चशी नातं सांगणारं एक प्रथिन आहे. चाचणी फक्त ‘ओळख आहे’ एवढंच सांगते. भांडण आहे की नाही ते खाल्ल्यावरच कळतं. रोज मूठभर खाऊन काहीच होत नसेल, तर रिपोर्टला घाबरून शेंगदाणे सोडू नका. नुसता कागद बघून आठ-दहा पदार्थ बंद केलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा मला खरोखर राग येतो. त्यांचा नव्हे, कागद देणाऱ्यांचा.

आणि मनाच्या खेळांचं म्हणाल, तर घरच्यांना १९२१ सालची ही गोष्ट ऐकवा. जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला मासा सोसत नसे, प्राउस्निट्झला सोसत असे. क्युस्टनरच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, प्राउस्निट्झने स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली. मन क्युस्टनरचं क्युस्टनरपाशीच होतं. गेलं ते फक्त सीरम. त्यातल्या कर्त्याला आयजीई हे नाव मिळायला १९६८ उजाडलं.

मात्र एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. फळांत आणखी एका घराण्याची प्रथिनं असतात, एलटीपी. ती उकळूनही मोडत नाहीत, पोटातही टिकतात. त्यांची अ‍ॅलर्जी असलेल्याला जॅमही बाधू शकतो आणि त्रास अंगभर पसरू शकतो. तुमचं चित्र तसं दिसत नाही. तरीही अंगावर गांधी, उलट्या, घसा आवळणं, धाप किंवा चक्कर यांतलं काहीही झालं तर तडक इमर्जन्सी गाठा. खाज आपोआप थांबते तसं हेही थांबेल म्हणून वाट बघत बसू नका. सोया दूधही जपून. त्यात बर्चच्या नात्यातलंच प्रथिन असतं, आणि एका दमात पेलाभर प्यायल्यावर काहींना जोरदार त्रास झालेला आहे.

परागांवरची इंजेक्शनं घेतली तर शिंका कमी होतात. सफरचंद सोसेलच, असा भरवसा मी देणार नाही. काहींना सोसतं, काहींना नाही.

पुन्हा तपासणीला जाल तेव्हा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर हात कोराच राहील. आणि पिशवीत सफरचंद न्या, न कापलेलं.