लाइट गेली तरी सायफन तुटू नये

जुळे सोलापूरहून : माशांच्या तीन फुटी टाकीला पीव्हीसीचा ओव्हरफ्लो (जादा पाणी काठावरून खालच्या टाकीत उतरवणारा पाइप) केलाय; खालच्या टाकीतला पंप ते पाणी परत वर चढवतो. लाइट गेली की सायफन (काठावरून पाणी आपोआप ओढलं जाणं) तुटतो. परत आली की पंप पाणी चढवतच राहतो आणि हॉलभर तळं होतं. काय चुकलं?

तुम्ही पाठवलेल्या फोटोत काठावरून आलेला पाइप थेट खालच्या टाकीत उतरलाय. चूक तिथेच आहे. पातळी घसरली की तोंडातून हवा शिरते आणि पाइप रिकामा होतो. तो दोन्हीकडे भरलेलाच राहायला हवा.

टाकीच्या आत पाइपाचं तोंड वर, हव्या त्या पातळीला ठेवा. तिथून पाइप वीतभर खाली न्या, दोन एल्बोंनी (काटकोनी जोडांनी) वळवा, वर आणा आणि काठावरून बाहेर काढा. बाहेरही तसाच खाली नेऊन वळवा, वर आणा आणि तिथे टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीची आडवी वाट, जिथून पाइप खालच्या टाकीत जातो, ती आतल्या तोंडापेक्षा 2-3 सेंमी खाली हवी. टीचं वरचं तोंड उघडंच ठेवा, बुच मारू नका. ते बंद केलंत तर खाली जाणारा पाइप स्वतःच सायफन होऊन बाहेरचं वळण ओढून रिकामं करतो.

काठावरच्या सांध्यांना सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) हात राखून लावू नका. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे गळती असली तरी पाणी ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं, म्हणूनच माणूस फसतो. पंप बंद ठेवून सायफन रात्रभर भरलेला राहू द्या. सकाळी वर बुडबुडा साचलेला दिसला तर सांधा कच्चा आहे. मग पंपाचं बटण दहा वेळा बंद-चालू करून पाहा. दहाही वेळा पाणी आपोआप वाहिलं पाहिजे.

सुरक्षित म्हणून दीड इंची पाइप घालू का?

नको. मोठ्या पाइपात पाणी संथ वाहतं, बुडबुडे पुढे ढकलले जात नाहीत आणि वर साचतात. ताशी 1000 लिटरच्या पंपाला एक इंची पुरतो. सर्वांत उंच जागी एअर पंपाची बारीक नळी आणि कॉक बसवा, म्हणजे हवा ओढून काढता येते.

टाकीतल्या शंखाने (गोगलगायीने) पाइपाचं तोंड बुजलं तर?

जाळी लावाच, पण भरवसा हिशोबावर ठेवा. 90 × 45 सेंमी टाकीत काठाखाली 4 सेंमी मोकळे असतील तर 16 लिटर मावतात. खालच्या टाकीतल्या पंपाच्या कप्प्यात पंपाला उपसता येईल असं पाणी 12 लिटरच ठेवा. मग तोंड बुजलं तरी टाकी सांडण्याआधी पंप कोरडा पडेल. उलट लाइट गेल्यावर वरची पातळी 2 सेंमी उतरली की 8 लिटर खाली येतात, तेवढी जागा खाली मोकळी हवी. पंपाच्या परतीच्या नळीचं तोंडही पृष्ठभागालगतच ठेवा, नाहीतर तीच पाणी खाली ओढेल.

आपल्याकडच्या मे महिन्यात वाफ होऊन घट होते ती पंपाच्या कप्प्यातच दिसते. तिथे मार्करने रेघ मारा. नळाला पाणी आलं म्हणून हौसेने रेघेच्या वर भरू नका.