जबाबदारी, उत्तरदायित्व आणि जाब

विचारणा अशी आहे : नागरिकांसाठी तयार होणाऱ्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना 'रिस्पॉन्सिबिलिटी' आणि 'अकाउंटेबिलिटी' या दोन्ही शब्दांसाठी 'जबाबदारी' हाच शब्द हाताशी येतो, दुसऱ्यासाठी 'उत्तरदायित्व' लिहिले तर बोजड वाटते, मग हिंदीतला 'जवाबदेही' उचलावा का?

'जबाबदार' या शब्दात अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' एकत्र आले आहेत. 'दार' म्हणजे बाळगणारा, जसा 'जमीनदार' किंवा 'हवालदार' यांत. 'जवाबदेह'मधला 'देह' मात्र देणारा आहे, आणि संस्कृत वळणाच्या 'उत्तरदायी'तही देणाराच आहे. हिंदीने अंगावरच्या कामासाठी 'जिम्मेदारी' आणि त्या कामाबद्दल उत्तर देण्यासाठी 'जवाबदेही' अशी वाटणी केली. मराठीने दोन्ही अर्थ 'जबाबदारी'च्याच पदरात टाकले, आणि रोजच्या वापरात त्यातला कामाचा अर्थ वरचढ ठरून उत्तराचा अर्थ मागे पडला.

ही सरमिसळ व्याकरणातही दिसते. 'मंत्री विधानसभेला जबाबदार आहेत' आणि 'ठेकेदार अपघाताला जबाबदार आहे' या दोन वाक्यांत एकच 'ला' प्रत्यय आहे. पण पहिल्यात तो उत्तर कोणाला द्यायचे ते सांगतो आणि दुसऱ्यात दोष कशाचा ते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३)नुसार केंद्रीय मंत्रिपरिषद लोकसभेला, आणि अनुच्छेद १६४(२)नुसार राज्याची मंत्रिपरिषद विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते. तिथे 'कोणाला' हे स्पष्टपणे नमूद असल्यामुळे 'जबाबदार' पुरेसा ठरतो. 'या घटनेची जबाबदारी आम्ही स्वीकारतो' या वाक्यात मात्र ती स्वीकारून कोणापुढे उभे राहायचे, हे बोलणाऱ्याला सांगावेच लागत नाही. जबाबदारी घेतली, पार पाडली किंवा झटकली, तरी समोरचा माणूस वाक्यात येत नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते, कारण नागरिक वाक्यातून गळाला की व्यवहारातूनही गळणे सोपे होते.

त्याला वाक्यात परत आणणारा शब्द मराठीकडे आहे : 'जाब'. हाही त्याच 'जवाबा'चा आखूड झालेला अवतार. पोलीस ठाण्यात नागरिकाचा 'जबाब' नोंदवतात, म्हणजे तिथे राज्यसंस्था विचारते आणि नागरिक सांगतो; 'सरकारला जाब विचारला' म्हटले की दिशा उलटते. मूळ एकच असलेल्या या दोन शब्दांनी नागरिक आणि राज्यसंस्था यांच्या नात्याच्या दोन बाजू वाटून घ्याव्यात, याचे मला मनापासून कौतुक वाटते. जाब अर्थात घरातही विचारला जातो, पण कुठेही विचारला तरी विचारणारा, ज्याला विचारायचे तो आणि विचारण्याचा विषय, हे तिघेही त्यात गृहीत असतात.

उत्तर मिळणे म्हणजे जाब मिळणे नव्हे, हेही लक्षात घ्यावे. विधिमंडळातल्या प्रश्नाचा ठरलेला साचा पाहा : 'हे खरे आहे काय', पुढे 'असल्यास', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' त्यापुढे पुष्कळदा 'प्रश्न उद्भवत नाही' एवढेच छापलेले असते. शब्दशः ते उत्तर आहे, पण त्यात कारण नाही. आणि जाबाचा जीव कारणात असतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्याच्या कलम ६(२)नुसार माहिती का हवी याचे कारण अर्जदाराला विचारता येत नाही, तर कलम १९(५)नुसार माहिती नाकारणे समर्थनीय होते हे अपिलात सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यावर असतो. कारण देण्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. 'अकाउंटेबिलिटी'चा अर्थ समजावताना मी हीच दोन कलमे शेजारी शेजारी ठेवीन.

म्हणून माझे मत असे : संकल्पनेचे नाव हवे तिथे 'उत्तरदायित्व' निःशंकपणे लिहावे, मात्र सोबत 'नागरिकांप्रति' किंवा 'सभागृहाप्रति' असे लिहिण्यात कसूर करू नये. 'जवाबदेही' व्युत्पत्तीने अगदी योग्य असला, तरी मराठी कानाला तो 'जबाबदारी'चाच चुकलेला उच्चार वाटण्याची शक्यता आहे. त्यामुळे मी तो टाळीन. आणि चालत्या वाक्यात नामापेक्षा क्रियापदावर भिस्त ठेवावी : 'जाब देणे', 'हिशेब देणे', 'उत्तर देण्यास बांधील असणे'.

माहितीपत्रकात 'सेवा वेळेत देण्याची जबाबदारी विभागाची राहील' यासारखे वाक्य असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मधल्या तरतुदीला धरून ते असे लिहिता येईल : 'पदनिर्देशित अधिकारी ठरलेल्या मुदतीत सेवा देईल किंवा अर्ज फेटाळण्याची कारणे लेखी नोंदवील, आणि अपील किती दिवसांत करता येते हे अर्जदाराला लेखी कळवील.' यात 'उत्तरदायित्व' हा शब्द एकदाही आलेला नाही, पण कोणी, कोणाला आणि कशाबद्दल उत्तर द्यायचे, हे सगळे आले आहे.