जुन्या फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) फेसवर ३१६एल स्टेनलेसचा ओव्हरले, म्हणजे वेल्डिंगने चढवलेला थर, टाकायचाय, वेल्डिंगच्या आधी ग्राइंडरने साफ केलं तर पुरेल का?

नाही पुरणार. तुमचा फ्लँज ८ इंची, ३०० क्लास (दाबाचा दर्जा), ए१०५चा (कार्बन स्टीलचा) आहे आणि फेसला गंजून खड्डे पडलेत म्हणता, तर आधी टर्निंग (मशीनवर फेस कापणं) करावंच लागेल, आणि किती करायचं ते खड्ड्याच्या खोलीवरून नाही तर तयार फेसपासून उलटं मोजून ठरवायचं.

मी भोसरीत व्हीटीएल (उभं लेथ मशीन) चालवतो. सुरुवातीला असाच एक जॉब आला होता तेव्हा मी २ मिमी घेतले, खड्डे गेले, मला वाटलं झालं काम. वेल्डरने दोन लेयर मारले, खाली ३०९एल आणि वर ३१६एल, दिसायला झकास. पण आरएफची (फेसवरच्या उंचवट्याची) उंची परत ड्रॉइंगला आणायची म्हणजे वरचं सगळं कापणं आलं, तसं कापलं, आणि पीएमआयची गन (धातूत काय किती आहे ते दाखवणारी) लावली तर मॉली (मॉलिब्डेनम) जेमतेम १ टक्क्याच्या आसपास, पाहिजे किमान २. अहो ३०९एलमध्ये मॉली घातलेलंच नसतं, आणि ज्यात होतं तो लेयर मीच चिप करून ट्रेमध्ये पाडला होता. अख्खा जॉब परत करून दिला, तोही पदरचे पैसे घालून.

तेव्हापासून हिशोब असा. तयार झाल्यावर कमीत कमी ३ मिमी ओव्हरले राहावा असं बऱ्याच ड्रॉइंगवर असतं, मी तयार फेसच्या खाली ५ मिमी उतरतो आणि वेल्डरला सांगतो की ७ पर्यंत भर, म्हणजे वर २ मिमी मशीनिंगला मिळतात. मात्र ५ मिमी काढल्यावर मूळ लोखंड किती जाड उरतंय ते पार्टीच्या इंजिनिअरकडून पास करून घ्या, आणि प्रीहीट (वेल्डिंगआधी तापवणं) वगैरे डब्ल्यूपीएसमध्ये (वेल्डिंगच्या लेखी पद्धतीत) असेल तेच, आपल्या मनाने नाही.

कोपरे. इथे सगळे घाई करतात. खाच मारताना ९० अंशाचा उभा कोपरा ठेवला तर तिथे आर्क नीट पोचत नाही, स्लॅग अडकतो आणि फायनल कटला बरोबर तिथेच काळी रेघ दिसते. ३ मिमीचा तरी रेडियस द्या, भिंत थोडी तिरकी ठेवा. जुना फ्लँज असेल तर लोखंडात तेल मुरलेलं असतं, टर्निंगनंतर गॅसने हलका शेकून बघा, घाम आल्यासारखं तेल वर येतं, ते ॲसिटोनने पुसा आणि मग पीटी (रंग लावून बारीक भेगा शोधायची तपासणी) करा. पीटीचं डेव्हलपरही (वर मारलेला पांढरा थर) पूर्ण काढा, नाहीतर पोरोसिटी (वेल्डमध्ये बारीक भोकं) आलीच म्हणून समजा.

वेल्डिंगमध्ये फेस बशीसारखा ओढला जातो. दोन फ्लँज असतील तर पाठीला पाठ लावून बोल्टने आवळा आणि समोरासमोरचे तुकडे घेत भरा, सलग गोल फिरू नका. तरी थोडं वाकणारच, म्हणून फायनलला चक घट्ट आवळून मोकळे होऊ नका, ओडी (बाहेरचा व्यास) आणि मागचा फेस डायलने बघूनच सेट करा.

पहिला कट वेल्डच्या मण्यांच्या खालून जाईल इतका खोल घ्या, नुसतं घासत बसलात तर स्टेनलेस कडक होतं आणि टूलचा इन्सर्ट (कापणारं टोक) उडतो. २७० मिमीच्या आरएफला मी ७० आरपीएमच्या आसपास सुरू करतो. शेवटचा कट १.५ मिमी नोज रेडियसच्या टूलने, फीड साधारण ०.५ मिमी, म्हणजे इंचाला ४५ ते ५५ रेघा पडतात आणि फिनिश ३.२ ते ६.३ मायक्रॉन आरएमध्ये (खरखरीतपणाच्या मापात) बसतो, कंपॅरेटर प्लेट (फिनिशचे नमुने असलेली पट्टी) लावून बघा. आणि कृपा करून वर पॉलिश पेपर मारू नका, आमच्याकडे एका पोराने आरशासारखा चकचकीत करून दिला होता, गॅस्केटला धरायला काही राहिलंच नाही. मधून बाहेर जाणारा आडवा ओरखडा तर अजिबात नको, लीक तिथूनच होतं.

शेवटी पीटी आणि पीएमआय तयार फेसवर, वेल्ड केल्या केल्या नाही. ओव्हरले कुठे संपतो याची शंका असेल तर पाण्यात मोरचूद विरघळवून कडेला लावा, लोखंड उघडं असेल तिथे लगेच तांब्याचा रंग चढतो, स्टेनलेसवर नाही. बघून झालं की लगेच धुवून टाका.