उंची न वाढणाऱ्या मुलीला टर्नर सिंड्रोम आहे का, हे कसे ठरवतात आणि पुढे काय करावे लागते?

मुलगी बरोबरीच्या मुलींपेक्षा बरीच बुटकी असेल आणि त्याचे दुसरे कारण सापडत नसेल, तर ‘उशिरा वाढेल’ म्हणून थांबून राहू नये. टर्नर सिंड्रोममध्ये दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्णपणे किंवा अंशतः नसते. साधारण २००० ते २५०० मुलींमागे एकीत ते आढळते. निदान रक्ताच्या कॅरिओटाइप तपासणीने, म्हणजे पेशींतील गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणाऱ्या तपासणीने, पक्के होते. त्यात वाय गुणसूत्राचा (एरवी पुरुषांत असणाऱ्या) अंश सापडल्यास बीजग्रंथींत गाठ होण्याचा धोका असल्याने त्या काढून टाकण्याचा सल्ला देतात.

वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने लवकर सुरू केल्यास उंचीत चांगला फरक पडतो, आणि वयात येण्याची लक्षणे आपोआप न दिसल्यास ११-१२व्या वर्षापासून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अगदी कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. घरच्यांची चिंता बहुधा उंची आणि पाळीभोवतीच फिरते, पण माझ्या मते अधिक काळजी हृदयाची घ्यावी: महाधमनी (हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असणे किंवा पुढे रुंदावत जाणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे निदान होताच इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा आणि नंतरही, गर्भधारणेचा विचार करण्याआधी तर नक्कीच, हृदयाची तपासणी पुन्हा करावी. थायरॉइड, श्रवणशक्ती आणि मूत्रपिंडे यांचीही तपासणी हवी. बुद्धी बहुतेकींची सामान्य असते. गणित मात्र काहींना जड जाते.