बेशुद्ध जखमीवर संशोधन : संमती द्यावी का?

प्रश्न : माझ्या मेहुण्यांना मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागला. ते बेशुद्ध असताना रुग्णालयात आमच्यापुढे एका संशोधनाचे संमतिपत्र ठेवले गेले. आम्ही सही केली नाही. अशा अवस्थेतल्या माणसावर प्रयोग करणे योग्य आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार होता आणि त्यापायी नेहमीच्या उपचारांत कसर राहता कामा नये. मात्र संशोधनाबाहेरचे उपचार तावूनसुलाखून घेतलेले असतात, हे गृहीत धरू नये. डोक्याच्या दुखापतीत स्टेरॉइड देण्याची पद्धत जगभर अनेक ठिकाणी कित्येक वर्षे चालू होती. सुमारे १०,००० रुग्णांवरील ‘क्रॅश’ चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, तेव्हा स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १८ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावल्याचे दिसले. हा फरक एकेकट्या डॉक्टरला अनुभवातून कळणे शक्यच नव्हते, कारण अशा दुखापतीत काही रुग्ण एरवीही दगावतातच.

‘क्रॅश’ करणाऱ्या संशोधकांच्याच ‘क्रॅश-२’ चाचणीत ४० देशांतील, मोठा रक्तस्राव झालेले किंवा तसा धोका असलेले २०,००० हून अधिक जखमी होते आणि त्यांत भारतीय रुग्णही होते. औषध होते रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे पाळीच्या अतिस्रावासाठी अनेक घरांत ठाऊक असलेले, स्वस्त. पहिला १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत आणि पुढचा ८ तासांत, एवढ्याने मृत्यूंचे प्रमाण १६ वरून १४.५ टक्क्यांवर आले. पुढच्या विश्लेषणात मात्र असे आढळले, की ३ तासांनंतर सुरू केल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात. नातेवाइकांची वाट पाहण्यात हा वेळ निघून जाऊ शकतो. म्हणून रुग्ण बोलू शकत नसेल आणि जवळ कोणी नसेल, तर स्थानिक एथिक्स कमिटीने (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीने) ठरवलेल्या पद्धतीने त्याला चाचणीत घेण्याची सोय तेथे होती.

अपघात विभागाच्या धावपळीत चार पानी मजकूर वाचून निर्णय घ्या, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. डॉक्टरांनीच दोन मिनिटे तोंडी सांगितले पाहिजे. नेहमीचे कोणते उपचार कोणत्याही परिस्थितीत मिळतील, नवे काय दिले जाईल, शुद्धीवर आल्यावर रुग्णाला बाहेर पडता येईल का आणि ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’तील नोंदणी क्रमांक कोणता, एवढे विचारून घ्यावे. ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते.